वासाची फेरी

राग काहींना येतो, आणि काहींच्याकडे तो राहायलाच असतो. हिच्याकडे तो राहायला होता. सकाळी तिनं चूळ भरली की त्याचंही तोंड धुऊन व्हायचं, आणि ती कामाला निघाली की तो दोन पावलं पुढे. वनस्पतिसंग्रहाच्या संस्थेतली माणसं तिला पाठीमागे फुरसं म्हणत. फुरसं म्हणजे वीतभर साप. लांबीपेक्षा तापटपणानं ओळखला जाणारा. तीही तशीच होती. बुटकी, काटकुळी, मान कायम ताठ, आणि नको त्या पायाखाली नको त्या वेळी हजर. हे नाव तिच्या कानावर गेलेलं होतं. "फुरसं तर फुरसं," ती म्हणे, "गांडूळ तर नाही ना म्हणत कुणी."

नाकाच्या शेंड्यावर राग, असं लोक तिच्याबद्दल बोलत आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच नाकाच्या आत तिची निम्मी विद्या होती, हेही तेवढंच खरं.

तिचं काम अळंब्या ओळखण्याचं. टोपलीत भरून विकायला येतात त्या अळंब्यांकडे ती ढुंकून बघायची नाही. तिच्या अळंब्या म्हणजे पाय पडला तरी पायाला कळत नाहीत अशा. कुजक्या पानाच्या देठावर, सुकल्या काटकीच्या बेचक्यात, गळून पडलेल्या फळाच्या सालीवर उगवणाऱ्या. टोपी मोहरीएवढी, दांडा घोड्याच्या शेपटीतल्या केसासारखा. ओल लागली की उभ्या राहतात, ऊन लागलं की मिटून सुतासारख्या पडतात, आणि पुन्हा ओल आली की काही झालंच नाही अशा पुन्हा उभ्या. "एवढी अक्कल माणसाला असती," ती म्हणायची, "तर मला एवढं बोलावं लागलं नसतं."

संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, तिची लांबट खोली होती. दोन्ही भिंतींना लोखंडी कपाटं, कपाटांत कप्पे, कप्प्यांत कागदाच्या घड्या, आणि प्रत्येक घडीत एक वाळलेली अळंबी, आपलं नाव उशाला घेऊन झोपलेली. खिडकीपाशी टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक, शेजारी पातळ पाती, काचेच्या पट्ट्या, आयोडीनची तपकिरी बाटली. ताजी अळंबी आली की आधी तिचा वास घ्यायचा, कारण तिच्या अंगातून पहिला तोच पळतो. मग रंग बघायचा. मग कणभर जिभेवर ठेवून थुंकून टाकायची. मग टोपी कापून कागदावर ठेवायची आणि वर पेला झाकायचा. सकाळी पेला उचलला की झडलेल्या बीजाणूंचा ठसा कागदावर उमटलेला, कुणी हलकी फुंकर मारून पीठ पसरावं तसा. उरलेली अळंबी मंद उबेवर वाळवायची, तिचा काप काढायचा, बीजाणू मोजायचे, आयोडीनच्या थेंबात ते निळे पडतात का ते बघायचं. एवढं झालं की मग कुठे म्हणायचं, बाई गं, तू अमक्या कुळातली, तमक्या घरची.

तिच्या नाकाच्या गोष्टी संस्थेत रंगवून सांगत. दारात कुणी पिशवी घेऊन उभं राहिलं की ती मान वर न करता म्हणायची, "कच्चा बटाटा. दांड्याच्या बुडाशी पिवळं असेल, बघा." पिशवी उघडली की पिवळं असायचंच. एकदा संग्रहप्रमुख तिच्या टेबलाशी येऊन काही महत्त्वाचं सांगत होते, तर मध्येच म्हणाली, "साहेब, बोलणं नंतर. आधी खिशातलं केळं खाऊन टाका, कालचं आहे." साहेबांनी खिशात हात घातला आणि ते लाल झाले.

या साहेबांचा तिला राग यायचा तो त्यांच्या मऊपणाचा. वयानं तिच्याहून लहान, स्वभावानं साय. कुणी काही म्हटलं की "तेही बरोबर आहे" म्हणायचे. दुसरा सोबती म्हणजे चित्रकार, तिच्याच वयाचा. अळंब्यांची चित्रं काढायचा आणि दिवसभर थट्टा करायचा. तिच्या रागाला न भिणारा तेवढा एकच.

या चित्रकारामुळेच वासाच्या फेरीचा नियम आला होता. फार वर्षांपूर्वी एका अळंबीचा वास घेऊन तो मोठ्यानं म्हणाला होता, "अरे, ही तर काकडी!" झालं. त्या दिवशी खोलीत जो आला त्याला काकडीचाच वास आला. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम रिकामी बरणी फिरवली, तर तिच्यातही चौघांना काकडी आली. तेव्हा ती अशी काही कडाडली होती की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून नियम ठरला. ताजी अळंबी झाकणाच्या बरणीत ठेवायची, वास साठू द्यायचा, मग बरणी हातोहात फिरवायची. हुंगताना तोंड वेडंवाकडं करायचं नाही, बोलायचं नाही. फेरी संपली की प्रत्येकानं एकच शब्द सांगायचा. धाकट्यानं आधी, थोरल्यानं शेवटी, म्हणजे थोरल्याची री कुणी ओढणार नाही. नियम तिचा, आणि तो मोडणाऱ्याची धडगत नव्हती.

मग दोन हिवाळ्यांपूर्वी तिला ताप आला. साधाच ताप, सगळ्या गल्लीला येऊन गेलेला. ताप उतरला तो जाताना तिचं नाक घेऊन गेला. चहाचं गरम पाणी झालं, साबणाचा दगड झाला, आपल्याच खोलीत ती उभी राहिली तर कपाटांतल्या डांबराच्या गोळ्यासुद्धा मुक्या. येईल परत, असं म्हणत तिनं पहिला महिना काढला. मग म्हणायचं सोडून दिलं. सांगितलं मात्र कुणालाच नाही. सुतारानं कुणाला सांगावं की करवत धरणारा हात गेला म्हणून? त्यापेक्षा तिनं राग वाढवला. कुणी पिशवी आणली की "आधी टेबलावर ठेवा, मग बडबडा" म्हणून हाकलायची, आणि सगळा निवाडा सूक्ष्मदर्शकावर करायची. राग हे फार सोयीचं पांघरूण आहे. आत काय आहे हे बघायला कुणी जवळ येत नाही.

ती धाकट्या भावाच्या घरी राहायची. खाली भावाची आणि भावजयीची लाँड्री, वर घर. लग्न तिनं केलं नव्हतं. "माझ्याशी कोण करणार, आणि मी तरी कुणाशी करणार," एवढ्यावर तो विषय मिटलेला. भावजय अंगानं थोराड, आवाजानं त्याहून. दिवसभर वाफेत उभी राहून लोकांचे कपडे घ्यायची, डाग बघायची, हुंगायची, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची, "हा चहाचा नाही, औषधाचा डाग आहे. खरं सांगा, म्हणजे निघेल." नणंद-भावजयींचं जुनं वैर नव्हतं, जुनी कुरबूर होती, रोज थोडी तापवून घ्यायची आणि पुन्हा झाकून ठेवायची.

ती कुरबूर एकदा मात्र उतू गेली. एके दुपारी भाऊ आतल्या खोलीत झोपला होता, ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसली होती, आणि खिडकीतल्या वाऱ्यानं शेगडी विझली. गॅस सुटत राहिला. भावजयीला अर्ध्या जिन्यातच वास आला. ती धावत वर आली, बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या, आणि मग तोंड उघडलं. "वन्सं! हातभर अंतरावर बसलाय तुम्ही! नाक आहे का भोपळा?" ही म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं." भावजय म्हणाली, "घरावर कधी होतं लक्ष?" त्यानंतर आठवडाभर दोघी भांड्यांमार्फत बोलत होत्या.

*

आता त्या अळंबीकडे येऊ. दुसऱ्यांनी आणलेल्या अळंब्यांना तिनं आयुष्यभर नावं सांगितली. ती नावं आधी कुणीतरी ठेवलेली, ही फक्त ओळख पटवणारी. जगानं न पाहिलेली, हिनं पहिल्यांदा पाहिलेली आणि हिनं बारसं केलेली अशी एकही नव्हती. निवृत्ती दारात येऊन उभी होती. याचा सल तिला होता, आणि तिच्या बाकी सगळ्या सलांसारखा तोही रागाच्याच रूपानं बाहेर यायचा.

तलावाच्या मागे एक घळ आहे. एका ओल्या सकाळी तिथल्या पानांच्या थरात, देठादेठावर, तिला ती दिसली. दांडा काळाभोर, केसासारखा. टोपी फिकट, तिच्यावर छत्रीच्या काड्यांसारख्या रेघा. अगदी काळकेशीसारखी. काळकेशी ही जुनी, माहितीतली. तिच्या घड्यांनी कपाटाचा एक कप्पा भरलेला. पण सूक्ष्मदर्शकाखाली हिचे बीजाणू जरासे लांब निघाले. जरासेच. काळकेशीतही एखादा तसा सापडतो. एवढ्यावर नवी प्रजाती म्हणायची तर उद्या कुणीही हसेल. अजून एक तरी फरक हवा होता. काळकेशीला वास नसतो. हिला असेल तर?

आणि विचारायचं कुणाला, तर ज्या नाकाला विचारायचं ते तिच्याच तोंडावर मेलेलं बसलं होतं.

स्वयंपाकघराच्या फळीवर एक चपटी डबी रिकामी पडली होती. तिनं ती साबणानं धुतली, पुसली, नाकाला लावली. काही नाही, पण तिला कशालाच काही नव्हतं. तिनं ओल्या पानांसकट अळंब्या डबीत ठेवल्या, झाकण लावलं, आणि संध्याकाळी भावजयीला हाक मारली.

"अगं ए, जरा इकडे ये."

"इस्त्री तापलीये खाली. काय हवंय?"

"ही डबी उघड, हुंग, आणि एक शब्द सांग. एकच. आमच्या कामाची रीत आहे, दुसरं नाक लागतं."

भावजयीनं डबी हातात घेतली, उलटसुलट केली. "वन्सं, ही डबी—"

"एक शब्द म्हटलं ना! बाकी काही ऐकायचं नाही मला."

भावजयीनं ओठ आवळले. झाकण काढलं. हुंगलं. "बदाम," ती म्हणाली. "कडू बदाम." आणि डबी टेबलावर आपटून खाली निघून गेली.

त्या संध्याकाळी हिच्या घरचा राग बाहेर कुठे तरी फिरायला गेला होता. ती खिडकीशी बसून राहिली. भावानं पेपराआडून दोनदा बघितलं आणि विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का तुला?"

काही दिवसांनी पुन्हा ताज्या अळंब्या मिळाल्या. पुन्हा तीच डबी, पुन्हा तोच हुकूम. भावजय म्हणाली, "बदाम. दुसरं काय येणार?" हिनं मनाशी मान हलवली. दोनदा सारखं आलं म्हणजे पक्कं. मग तिनं लेख लिहिला, चित्रकाराकडून चित्रं काढून घेतली, आणि अळंबीचं नाव कडू बदामाच्या वासावरूनच ठेवलं.

*

लेख वाचून संग्रहप्रमुख तिच्या टेबलाशी आले. "सुंदर झालाय, बाई. फक्त एक. वासाची फेरी कधी झाली? मी नव्हतो बहुतेक."

"झाली. घरी."

"घरी?"

"का? माझ्या घरी माणसं राहत नाहीत?"

"तसं नव्हे." साहेब सायीसारखे हलले. "पण नियम तुमचाच आहे ना. नावच वासाचं ठेवलंय आपण. इथे एक फेरी करून टाकू, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको."

तिला बोलायला जागा उरली नाही. ओल्या आठवड्यानंतर ती पुन्हा घळीत गेली, ताज्या अळंब्या आणल्या, आणि या वेळी संस्थेच्या उकळून घेतलेल्या काचेच्या बरणीत ठेवल्या. तिच्या मनात धाकधूक नव्हती. दोनदा बदाम आला होता. तिसऱ्यांदा का येणार नाही? फक्त स्वतःच्या पाळीला चेहरा सांभाळायचा.

बरणी फिरली. साहेबांनी हुंगलं, चित्रकारानं हुंगलं, तिनं हुंगलं. तिच्या नाकात हवा शिरली. थंड, कोरी हवा, रिकाम्या घरातल्यासारखी.

"सांगा," ती म्हणाली.

साहेब वयानं धाकटे, म्हणून आधी ते. "काही नाही," ते अपराध्यासारखे म्हणाले.

"काही नाही," चित्रकार म्हणाला.

आता तिची पाळी. या क्षणी तिला म्हणता आलं असतं, की मलाही काही नाही. ते खरंही होतं. पण तिच्या छातीत एकदम आग भडकली. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट माझी होतेय, आणि ही दोन बोथट नाकं मध्ये येणार? तिनं मान ताठ केली आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "कडू बदाम."

साहेबांनी बरणी पुन्हा उचलली, डोळे मिटून हुंगली. "हं… आता तुम्ही म्हणताय तर… अगदी मागून काहीतरी येतंय खरं."

"मलाही," चित्रकार म्हणाला. "बदाम म्हणा, नाहीतर बदामाची साल म्हणा. बाईंच्या नाकापुढे आपली नाकं म्हणजे टोपी अडकवायच्या खुंट्या."

"मग उद्या सकाळी पाठवून देतो छापायला," साहेब म्हणाले. "अभिनंदन, बाई."

तिनं बरणी पिशवीत घातली. जिंकलेल्या माणसाला जसं वाटायला हवं तसं तिला काही वाटत नव्हतं. रस्ताभर ती चिडत होती आणि कुणावर चिडतेय हे तिला कळत नव्हतं. एका सायकलवाल्याला तिनं विनाकारण झापलं.

लाँड्रीत भावजय एकटीच होती. हिनं बरणी सरळ तिच्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. "हुंग."

भावजयीनं हुंगलं. "काही नाही."

"नीट हुंग!"

"वन्सं, मी दिवसभर लोकांच्या बगला हुंगते. मला शिकवू नका. ओली पानं आहेत, बाकी काही नाही."

"आणि बदाम?"

"बदाम कसा येईल? बदामाची डबी कुठे आहे यात?"

हिच्या पिशवीचा बंद हातातून सुटला. "कसली बदामाची डबी?"

"माझी! वाफेनं हाताला चिरा पडतात, त्याचं मलम येतं, बदामाच्या तेलातलं. संपलं म्हणून टाचण्या ठेवायला डबी बाजूला ठेवली होती. ती तुम्ही न विचारता उचललीत."

"धुतली होती मी!"

"ते दहा वेळा धुतलं तरी जात नाही. पत्र्यात मुरलेलं असतं."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?" हिचा आवाज रस्त्यावर गेला.

"बोलू दिलंत?" भावजयीचा आवाज त्याच्याही पुढे गेला. "डबी म्हटलं की, एक शब्द! तोंड उघडलं की, एक शब्द! मी म्हटलं, असेल बाई यांची काही रीत, अळंबी बदामात मुरवायची. आणि मी कशाला सांगू? तुमच्या हातात होती डबी. हातभर लांबून घमघमत होती. तुम्हाला काय वास…"

तिचं वाक्य तिथेच थांबलं. तिनं नणंदेकडे बघितलं. मग मागच्या दाराबाहेर गेली आणि काठीच्या टोकावर एक सदरा घेऊन आली. मासे विकणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा सदरा होता तो; तीन दिवसांचा, न धुतलेला, दुकानातल्या बाकी कपड्यांना बाधा नको म्हणून बाहेर टांगलेला. तो तिनं हिच्या तोंडाशी धरला.

"हा कसा आहे, सांगा."

"कसा म्हणजे?" ही म्हणाली. "कॉलरला इस्त्री राहिलीये."

भावजयीनं सदरा खाली टाकला. "कधीपासून?"

ही सदरा उचलायला वाकली.

"वन्सं, कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले."

भावजयीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. "म्हणजे त्या दुपारी गॅस… तुमचं लक्ष नव्हतं असं नाही. तुम्हाला कळतच नव्हता. माझा नवरा आत झोपला होता! तुमचा भाऊ! आणि त्यानंतरही तुम्ही रोज त्या शेगडीवर चहा टाकताय, एकट्या, दार लावून, आणि आम्हाला सांगत नाही?"

आरडाओरडा ऐकून भाऊ जिना उतरून आला होता. तो फार कमी बोलणारा माणूस. तो कपड्यांच्या गाठोड्यावर बसला आणि म्हणाला, "ताई, सांगायचं होतंस." एवढंच. भावजयीच्या सगळ्या ओरडण्यापेक्षा ते तिला जास्त लागलं, आणि लागलं म्हणून तिला त्याचाच जास्त राग आला.

"सांगून काय होणार होतं? नाक दिलं असतंस मला?"

"मी दिलं होतं ना!" भावजय म्हणाली. "न सांगता घेतलंत. डबी घेतली तशीच. माझ्या नाकावर स्वतःचं नाव लावायला निघाला होतात, आणि मला वाटत होतं तुमच्या कामाला माझा काही उपयोग होतोय."

हिनं बरणी उचलून पिशवीत घातली. उत्तर नसलं की ती नेहमी ओरडायची. या वेळी तेही जमलं नाही.

*

सकाळी ती संस्थेत पोचली तेव्हा साहेबांच्या टेबलावर लेखाचं पाकीट तयार होतं. वर पत्ता, कडेला गोंद अजून ओला. चित्रकार शेजारी चहा पीत होता.

"थांबवा ते," पिशवीतली बरणी टेबलावर ठेवत ती म्हणाली.

"काही चुकलंय का, बाई?"

"वास नाहीये तिला. कधीच नव्हता. डबीचा वास होता तो, मलमाचा. ती काळकेशीच आहे. लांब बीजाणूंची असेल, पण काळकेशीच. लांबीचा तेवढा फरक पुरत नाही हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं."

साहेब गोंधळले. "पण काल तुम्हाला स्वतःला…"

"काल मी खोटं बोलले. मला वास येत नाही. दोन हिवाळे झाले, काहीच येत नाही."

चित्रकाराचा पेला ओठांशीच राहिला. साहेबांचे डोळे ओलसर झाले आणि ते मऊ आवाजात म्हणाले, "बाई, असं असेल तर… आम्ही समजून घेऊ शकतो. यात तुमचा काही…"

तिथे तिचा बांध फुटला.

"समजून काय घेताय? तुम्हाला काल काही आलं नव्हतं! आलं होतं का?"

"नाही, म्हणजे…"

"आणि तुम्हाला?"

चित्रकारानं मान हलवली.

"मग भांडलात का नाही माझ्याशी? दोन धडधाकट नाकं 'नाही' म्हणतात, एक मेलेलं नाक 'हो' म्हणतं, आणि तुम्ही पुन्हा बरणी उचलून 'मागून येतंय' म्हणता? मागून काय येतंय? माझा दरारा? मी म्हटलं म्हणून वास येतो? उद्या मी म्हटलं ही अळंबी गाते, तर टाळ्या वाजवाल? कशासाठी केला होता नियम? माझ्यासारखीला अडवायला केला होता! आणि मी आडवी आले तेव्हा तुम्ही बाजूला सरून रस्ता करून दिलात!"

तिच्या हाताचा धक्का लागून बरणी घरंगळली. चित्रकारानं ती टेबलाच्या कडेशी धरली. वरच्या मजल्यावरची माणसं पुन्हा जिन्यात येऊन उभी राहिली होती. आणि पहिल्यांदाच साहेबांच्या आवाजात थोडं हाड सापडलं.

"नियमात थोरल्यानं शेवटी बोलायचं असतं," ते म्हणाले. "पण थोरला बोलल्यावर पुन्हा बरणी उघडायची नाही, असं त्यात नव्हतं. ते घालायला हवं. आणि बाई, भांडलो असतो तर तुम्ही ऐकलं असतं?"

"नसतं," ती म्हणाली. "म्हणून काय भांडायचं नाही?"

पाकीट तिनं स्वतः फाडलं. मग आपल्या खोलीत गेली, घळीतल्या अळंब्यांच्या घड्या काढल्या, त्यांच्या उशाशी लिहिलेलं नवं नाव खोडलं आणि खाली जुनं लिहिलं. काळकेशी. काळकेशीचा कप्पा आधीच भरलेला होता. नव्या घड्या बसेनात. तिनं जुन्यांना दाबून, कोपरानं रेटून जागा केली. कप्पा बंद करताना बोट चिमटलं आणि तिनं त्या कप्प्याला अशी शिवी दिली की चित्रकार पलीकडून म्हणाला, "चला, बाई ठीक आहेत."

ती ठीक नव्हती. तिची अशी एकही अळंबी आता होणार नव्हती, आणि हे दुःख तिनं कुणाला कुरवाळू दिलं नाही. ते ती रागासारखंच वागवत राहिली. घरी शेगडीला हात लावायची तिला बंदी झाली. चहा हवा असेल तर जिन्यातून खाली हाक मारायची. भावजय वर येताना दर वेळी बडबडायची, "संस्थेत एवढी मोठी बाई, आणि चहाला कामवाली मी," आणि चहात साखर किती झाली हे हिला कळत नाही, तरी विचारायची, "बरोबर आहे का?" ही म्हणायची, "पाणचट आहे." दोघींनाही तेवढं पुरायचं.

पुढच्या ओलीला एक नवी पिशवी आली, आणि फेरी बसली. या वेळी तिनं भावजयीला रीतसर बोलावून घेतलं होतं, लाँड्री बंद ठेवून भावजय आली होती आणि तिनं आल्याआल्या बरणी नखानं वाजवून विचारलं होतं, "ही बरणी आधी कशाची होती?" साहेबांनी ते नियमात पहिलं कलम म्हणून घातलं.

बरणी फिरली. साहेब, चित्रकार, भावजय. चित्रकारानं हुंगताना भुवई वर केली तशी हिनं टेबलावर थाप मारली. "तोंड सरळ!" मग बरणी तिच्यापुढे आली. तिनं झाकणाला हात लावला नाही. बरणी तशीच पुढे सरकवली.

"माझी पाळी नाही," ती म्हणाली. "बोला. आणि माझ्याकडे बघून बोलू नका, मेल्यांनो."